हंगाम आणि शेवटचा आठवडा

सन २००० च्या हंगामात जॉर्जियातल्या सव्हॅना स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघानं सलग ४६ सामने जिंकले. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तिन्ही डिव्हिजनांत मिळून एवढी लांब विजयमालिका कुणी रचलेली नव्हती. त्या वर्षीचं डिव्हिजन-२ चं राष्ट्रीय विजेतेपद मात्र साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेटनं पटकावलं. आठ वर्षांनी कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजनं पहिले ४४ सामने जिंकले, ४५ वा ऐन अंतिम फेरीत जॉन्स हॉपकिन्सकडून गमावला आणि लगेच झालेला निर्णायक सामना जिंकून डिव्हिजन-३ चं विजेतेपद मिळवलं. पंचेचाळीस विजय, एक हार. ती एक हार दोनदा झाली असती तर ट्रिनिटीचं नाव आज सव्हॅना स्टेटच्या शेजारी, ‘हंगाम अपूर्व, पण हाती काही नाही’ अशा संघांत लिहिलं गेलं असतं. मैदानावर उतरणारी मुलं तीच, वर्षभराची मेहनत तीच, फरक फक्त एका दुपारचा.

छोट्या कॉलेजांच्या बेसबॉलचं मोजमाप करायला बसलं की ही अडचण पहिल्या पानापासून समोर येते. एका रांगेत हंगामाचे आकडे असतात: किती जिंकले, किती हरले, शेकडा किती. दुसऱ्या रांगेत हंगामोत्तर स्पर्धेचे: रीजनल (सुरुवातीची गटफेरी) किती वेळा गाठली, वर्ल्ड सीरिज किती वेळा, विजेतेपदं किती. दोन्ही रांगा खऱ्या असतात आणि बऱ्याचदा त्या एकमेकींशी भांडतात. या पुस्तकात त्या भांडणाचा निवाडा करण्याचा प्रयत्न आहे. त्याआधी हा खेळ कुठे खेळला जातो आणि कोणत्या नियमांनी, हे मराठी वाचकांसमोर नीट मांडायला हवं, कारण टीव्हीवर दिसणारं अमेरिकन बेसबॉल आणि हे बेसबॉल यांत बरंच अंतर आहे.

एनसीएएनं १९७३ मध्ये आपल्या सदस्य कॉलेजांची तीन डिव्हिजनांत विभागणी केली. डिव्हिजन-१ म्हणजे टेक्सस, एलएसयू, व्हँडरबिल्ट यांसारखी बलाढ्य विद्यापीठं, हजारोंनी भरणारी स्टेडियमं, ओमाहाला होणारी कॉलेज वर्ल्ड सीरिज. आपला विषय त्याखालचा आहे. डिव्हिजन-२ मध्ये बेसबॉल संघाला एकूण नऊ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतके पैसे देता येतात. ते तीस-पस्तीस मुलांत वाटायचे, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला फीचा एक तुकडा. डिव्हिजन-३ मध्ये खेळासाठी एक पैसाही देता येत नाही. तिथला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, इतरांसारखीच फी भरतो, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा संपवून सरावाला येतो आणि बसमध्ये अभ्यास करतो. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही स्वतंत्र संघटना आहे. तिथं शिष्यवृत्तीची मर्यादा बारांची आहे आणि १९५७ पासून तिची स्वतःची वर्ल्ड सीरिज भरते. डिव्हिजन-३ ची राष्ट्रीय स्पर्धा सर्वांत धाकटी, १९७६ ची. नियमित हंगामात डिव्हिजन-३ ला ४० सामने खेळता येतात, डिव्हिजन-२ ला ५०, एनएआयएला ५५. म्हणून ट्रिनिटीच्या ४५ विजयांची दुसऱ्या संघटनेतल्या ५५ विजयांशी थेट तुलना करू नये.

हंगामाच्या रांगेपासून सुरुवात करू, कारण ती साधी वाटते. ओहायोतल्या मॅरिएटा कॉलेजचे प्रशिक्षक डॉन शॅली यांनी १९६४ पासून २००३ पर्यंत ४० हंगाम एकाच कॉलेजात घालवले. त्यांचा हिशेब आहे १,४४२ विजय, ३२९ पराभव, १३ बरोबरी. बेसबॉलमध्ये बरोबरी अपवादानंच होते. अंधार पडला, पाऊस थांबेना, पाहुण्या संघाची बस निघायची वेळ झाली, अशा वेळी सामना तसाच सोडून द्यावा लागतो. शॅलींची टक्केवारी ८१ च्या वर जाते. चाळीस वर्षं दर पाचांपैकी चार सामने जिंकणं म्हणजे काय, हे समजायला बेसबॉलचा स्वभाव माहीत असावा लागतो. व्यावसायिक मेजर लीगमध्ये दहापैकी सहा सामने जिंकणारा संघ त्या वर्षीच्या सर्वोत्तमांत गणला जातो. चेंडू दोन इंच इकडे पडला की झेल, दोन इंच तिकडे पडला की दोन धावा. दैवाचा वाटा इतका मोठा असलेल्या खेळात चाळीस वर्षं ऐंशी टक्क्यांच्या वर राहणं ही दैवाची गोष्ट उरत नाही.

पण या रांगेलाही आतून पोकळी असू शकते. छोट्या कॉलेजांत वेळापत्रकाचा मोठा भाग प्रशिक्षक स्वतः ठरवतो. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, त्यातले सामने ठरलेले असतात, उरलेल्या तारखा फोन करून भरायच्या. कुणी मुद्दाम दुबळे शेजारी निवडतो, कुणी मार्चच्या सुट्टीत फ्लोरिडाला जाऊन देशातल्या पहिल्या दहांशी भिडतो आणि पाच-सहा हार पदरात घेऊन घरी परततो. उत्तरेकडच्या राज्यांत मार्चअखेरपर्यंत मैदान बर्फाखाली असतं, मुलं व्यायामशाळेतल्या लाकडी जमिनीवर ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारे चेंडू, अडवण्याचा सराव करतात. कॅलिफोर्नियात फेब्रुवारीतच ऊन असतं. चॅपमन, ला व्हर्न, कॅल लुथरन ही दक्षिण कॅलिफोर्नियातली कॉलेजं डिव्हिजन-३ ची विजेती झाली आहेत, त्यात तिथल्या हवेचा हातभार नाकारता येत नाही. म्हणूनच मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन इथल्या संघांचे आकडे मी थोड्या जास्त आदरानं वाचतो.

ही पोकळी एनसीएएला ठाऊक होती. त्यामुळे डिव्हिजन-३ मध्ये अनेक वर्षं ‘वेळापत्रकाची कठीणता’ काढली जाई. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी दोन तृतीयांश वजनानं धरायची आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची एक तृतीयांश वजनानं. निवड समिती तो आकडा, मानांकित संघांविरुद्धचे निकाल आणि एकूण टक्केवारी समोर ठेवून चर्चा करी. २०२४-२५ पासून ही चर्चा जवळपास संपली, कारण एनसीएए पॉवर इंडेक्स नावाचं एकच सूत्र आलं. आपापली कॉन्फरन्स जिंकलेल्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या जागा या सूत्राच्या क्रमानं भरतात. सूत्र पारदर्शक आहे हे मान्य. पण ज्या संघाचा मुख्य पिचर एप्रिलभर जखमी होता आणि मे महिन्यात परतला, त्याची गोष्ट समितीतल्या माणसाला सांगता येत असे. सूत्राला ती सांगता येत नाही.

आता दुसरी रांग. इथं थोडं गणित करावं लागेल आणि वाचकांनी त्याला घाबरू नये, कारण सगळ्या पुस्तकाचा कणा तिथं आहे.

डिव्हिजन-३ ची सध्याची रचना अशी. साठच्या आसपास संघ निवडले जातात आणि त्यांचे सोळा गट, म्हणजे रीजनल, पडतात. गटात साधारण चार संघ, आणि दोनदा हरलेला बाद. सोळा विजेत्यांच्या आठ जोड्या लागतात आणि तीनपैकी दोन जिंकणारा पुढे जातो. हे आठ संघ वर्ल्ड सीरिजला जातात. तिथं पुन्हा चारचारांचे दोन भाग, पुन्हा दोनदा हरल्यावर बाद, आणि शेवटी दोन भागांच्या विजेत्यांत तीनपैकी दोन सामन्यांची अंतिम लढत. आता असा एक संघ घेऊ, जो या पातळीच्या कुठल्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दहापैकी सहा सामने जिंकतो. म्हणजे देशातल्या चांगल्यात चांगल्या संघांपेक्षाही तो उघड सरस आहे. चारांच्या गटातून वर येण्याची त्याची शक्यता सुमारे ४१ टक्के निघते. तीनपैकी दोनची लढत जिंकण्याची ६५ टक्के. वर्ल्ड सीरिज जिंकण्याची २६ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की उरतात सात टक्के. उघड सरस असलेला संघ चौदा वर्षांतून एकदा विजेता होईल. आता असा संघ धरा, जो उत्तमांविरुद्धही चारपैकी तीन सामने जिंकतो. असा संघ क्वचितच जन्माला येतो. त्याचीही शक्यता तेहतीस टक्क्यांपुढे जात नाही. तीनदा प्रयत्न करावा, तेव्हा एकदा जमेल.

हे गणित कागदावरचं आहे, प्रत्येक सामन्यात शक्यता तीच राहते असं त्यात गृहीत धरलं आहे. मैदानावर ती तशी राहत नाही, आणि याचं मुख्य कारण पिचर. सुरुवातीचा पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्याला पाच-सहा दिवसांची विश्रांती द्यावी लागते. क्रिकेटमधला हुकमी गोलंदाज तिसऱ्या सत्रात पुन्हा चेंडू हाती घेतो. इथं शुक्रवारी खेळलेला पहिल्या नंबरचा पिचर रविवारी फार तर दहा-पंधरा चेंडू टाकू शकतो, आणि शहाणा प्रशिक्षक तेवढेही टाकू देत नाही. नियमित हंगामात सामने मुख्यतः शनिवार-रविवारी असल्यानं दोन-तीन चांगल्या पिचरांवर संघ तरून जातो. हंगामोत्तर स्पर्धेत चार दिवसांत चार-पाच सामने पडतात आणि संघातला पाचवा, सहावा, सातवा पिचर कोण आहे यावर निकाल ठरतो. पहिल्याच दिवशी हरलेल्या संघाला खालच्या बाजूनं जास्त सामने खेळत वर यावं लागतं. त्याची फलंदाजी टिकून राहते, पिचर मात्र संपतात.

त्यामुळे हंगामाची रांग संघाच्या वरच्या थरातल्या नऊ-दहा मुलांची गुणवत्ता दाखवते आणि शेवटच्या आठवड्याची रांग बाकावरच्या मुलांची. हा फरक एकदा लक्षात आला की तक्ते वेगळे दिसायला लागतात. वर्षानुवर्षं हंगाम गाजवून रीजनलमध्येच गळणाऱ्या कॉलेजांना अमेरिकेत ‘दबावाखाली कोसळतात’ असं म्हटलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. दबाव सगळ्यांवर सारखाच असतो, सातवा पिचर मात्र सगळ्यांकडे नसतो. शिष्यवृत्ती नसलेल्या कॉलेजात सातव्या पिचरला फी भरून, बाकावर बसून, चार वर्षं राहायला राजी करणं हे प्रशिक्षकाचं सर्वांत अवघड काम आहे.

या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दोन गावांना दिली आहेत. मॅरिएटा हे गाव मस्किंगम आणि ओहायो या नद्यांच्या संगमावर, आणि आयडाहोतलं लुइस्टन हे स्नेक आणि क्लिअरवॉटर यांच्या संगमावर. एक डिव्हिजन-३ चं, दुसरं एनएआयएचं. मॅरिएटाची सहा राष्ट्रीय विजेतेपदं डिव्हिजन-३ मध्ये सर्वाधिक आहेत: १९८१, १९८३, १९८६, २००६, २०११, २०१२. लुइस्टनच्या लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजची एनएआयए विजेतेपदं एकोणीस. त्यांतली सोळा एड चेफ या एकट्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत आली. चेफ १९७७ ते २०१० तिथं होते आणि त्यांच्या नावावर १,७०५ विजय आहेत. दोन्ही गावांनी व्यावसायिक बेसबॉललाही खेळाडू दिले, त्यांतला एक योगायोग मला फार आवडतो. १९७९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये पिट्सबर्गसाठी सातव्या सामन्यातला शेवटचा बळी घेणारा केंट टेकुल्वी मॅरिएटाचा, आणि २००४ मध्ये बोस्टनची विजेतेपदाची ८६ वर्षांची प्रतीक्षा संपवणारा शेवटचा चेंडू टाकणारा कीथ फोक काही काळ लुइस-क्लार्कचा.

पण लुइस्टनच्या आकड्यांत एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय तुलना प्रामाणिक होत नाही. एनएआयएची वर्ल्ड सीरिज १९८४ ते १९९१ आणि पुन्हा २००० पासून लुइस्टनमध्येच, कॉलेजच्या हॅरिस फील्डवर भरते. एकोणीसपैकी सोळा विजेतेपदं घरच्या मैदानावरची आहेत. शिवाय यजमान म्हणून अनेक वर्षं लुइस-क्लार्कला स्पर्धेत थेट प्रवेश मिळत असे. इतर संघ प्राथमिक फेरीत पिचर खर्च करून येत, यजमान ताजेतवाने उतरत. यावरून काही अभ्यासक ही विजेतेपदं निम्म्या भावानं मोजतात. मी तसं केलेलं नाही. १९९२, १९९६ आणि १९९९ ची विजेतेपदं लुइस्टनबाहेर मिळाली. मैदान परकं असतानाही तो संघ जिंकू शकत होता याचा हा पुरावा आहे. आणि यजमानपदही आयतं मिळालेलं नाही. चौतीस-पस्तीस हजार वस्तीचं गाव दरवर्षी देशभरातल्या पाहुण्या संघांना सांभाळतं, मैदान राखतं, तिकिटं विकत घेतं. तो त्या बेसबॉल परंपरेचाच भाग आहे. मात्र ‘वर्ल्ड सीरिजला किती वेळा पोहोचले’ या मोजपट्टीवर लुइस-क्लार्कला इतरांच्या शेजारी ठेवता येत नाही, म्हणून त्या तक्त्यात त्यांची ओळ वेगळी छापली आहे.

ही मोजपट्टी मला सर्वांत भरवशाची वाटते. विजेतेपद हा एका आठवड्याचा कौल आणि हंगामाची टक्केवारी हा वेळापत्रकाचा गुलाम. पण पंधरा-वीस वर्षांत किती वेळा शेवटच्या आठांत पोहोचलात, या आकड्यात दोन्हींचं सार उतरतं. तिथवर पोहोचायला हंगाम चांगला लागतो आणि रीजनलमधून वर यायला पिचरांची खोलीही लागते. एकदा पोहोचणं नशिबाचं असू शकतं, आठ-दहा वेळा पोहोचणं नशिबाचं नसतं.

या मोजपट्टीनं काही माणसांना न्याय मिळतो, ज्यांना विजेतेपदांची यादी विसरते. मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेटचे डेव्हिड ‘बू’ फेरिस हे त्यांतले पहिले. १९४६ मध्ये बोस्टन रेड सॉक्ससाठी त्यांनी २५ सामने जिंकले आणि फक्त सहा गमावले. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता एक अख्खा सामना टाकला. पुढच्या वर्षी खांदा दुखावला आणि ती कारकीर्द अकाली आटोपली. मग हा माणूस डेल्टाच्या कापसाच्या मुलखात, क्लीव्हलंड नावाच्या छोट्या गावात येऊन कॉलेजच्या मुलांना शिकवू लागला. १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ६३९ विजय झाले आणि तीनदा डिव्हिजन-२ ची वर्ल्ड सीरिज गाठली. विजेतेपद एकही नाही. जॉन ग्रिशम यानं लेखक होण्याआधी याच कॉलेजच्या संघात शिरण्याचा प्रयत्न केला होता आणि फेरिसांनीच त्याला वगळलं. २००४ मध्ये डेल्टा स्टेट अखेर विजेती झाली. तेव्हाचे प्रशिक्षक माइक किनिसन फेरिसांच्याच हाताखाली खेळलेले. फेरिस तेव्हा ८२ वर्षांचे होते. ते विजेतेपद कुणाच्या नावावर लिहायचं, असं मला कुणी विचारलं तर मी दोन नावं लिहीन.

जॉन्स हॉपकिन्सचं नाव आपल्याकडे वैद्यकीय संशोधनासाठी घेतलं जातं. बाल्टिमोरच्या या विद्यापीठाचा बेसबॉल संघ दशकानुदशकं डिव्हिजन-३ च्या वरच्या थरात आहे. २००८ मध्ये तो ट्रिनिटीकडून हरला आणि २०२३ मध्ये लिंचबर्गकडून. दोन्ही वेळा अंतिम लढत शेवटच्या निर्णायक सामन्यापर्यंत गेली होती. दोन दुपारी वेगळ्या गेल्या असत्या तर हॉपकिन्सच्या खात्यावर आज दोन विजेतेपदं असती. विजेत्यांच्या यादीत त्यांचं नावच नाही. या पुस्तकात त्यांना पूर्ण प्रकरण आहे.

फ्लोरिडाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. टँपा विद्यापीठ आणि लेकलंडचं फ्लोरिडा सदर्न कॉलेज मोटारनं तासाभराच्या अंतरावर, एकाच सनशाइन स्टेट कॉन्फरन्समध्ये. डिव्हिजन-२ ची विजेतेपदं टँपाकडे दहा, फ्लोरिडा सदर्नकडे नऊ. पण नऊपैकी शेवटचं २००५ चं आहे, आणि टँपाच्या दहांपैकी सात त्यानंतरची, अगदी २०२४ आणि २०२५ ची सलग दोन धरून. एकूण बेरीज पाहिली तर दोघं बरोबरीचे, काळ पाहिला तर सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक तक्त्यात दशकवार फोड दिली आहे.

प्रशिक्षकाचा विक्रम आणि कॉलेजचा विक्रम यांची गल्लत ही आणखी एक नेहमीची चूक. गॉर्डी गिलेस्पी यांचे १,८९३ विजय एकेकाळी सगळ्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये सर्वाधिक होते, २०१४ मध्ये ऑगी गॅरिडो यांनी तो आकडा ओलांडला. पण गिलेस्पींचे विजय तीन कॉलेजांत वाटलेले आहेत: इलिनॉयमधलं लुइस विद्यापीठ, तिथलंच सेंट फ्रान्सिस आणि विस्कॉन्सिनचं रिपन. लुइसला त्यांनी १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन एनएआयए विजेतेपदं मिळवून दिली आणि १९९३ मध्ये सेंट फ्रान्सिसला एक. थोर माणूस जातो तिथं विजय घेऊन जातो. मग तो गेल्यावर कॉलेजकडे काय उरतं, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर तपासायला एक सोपी कसोटी वापरली आहे: मोठा प्रशिक्षक गेल्यानंतरची वर्षं. मॅरिएटात शॅलींनी २००३ नंतर सूत्रं सोडली आणि २००५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्याच जुन्या खेळाडूनं, ब्रायन ब्रूअरनं, २००६ चं विजेतेपद आणलं, मग २०११ आणि २०१२. शॅलींनी तीन, ब्रूअरनी तीन. लुइस-क्लार्कनं चेफ यांच्यानंतर २०१५ ते २०१७ अशी सलग तीन विजेतेपदं जिंकली. ईस्टर्न कनेक्टिकटमध्ये बिल होलोवॅटींनी ४५ हंगामांत १,४०४ विजय आणि चार विजेतेपदं मिळवली. १९८२, १९९०, १९९८, २००२, म्हणजे चार वेगवेगळ्या पिढ्यांच्या मुलांनी. त्यांच्यामागे काही वर्षं गेली, पण २०२२ मध्ये त्या संघानं ४९ विजय आणि तीन पराभव असा हंगाम करून पाचवं विजेतेपद घेतलं. आणि तो घडवणारे प्रशिक्षक त्याच वर्षी येलला गेले. छोट्या कॉलेजाच्या नशिबी हेही असतं. उत्तम काम केलं की मोठ्यांचं बोलावणं येतं. ट्रिनिटीचा तो ४५-१ चा संघ घडवणारे बिल डेकरही पुढे हार्वर्डला गेले.

तक्ते करताना सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो जागा बदलणाऱ्या कॉलेजांनी. डिव्हिजन-३ ची पहिली दोन विजेतेपदं, १९७६ आणि १९७७ ची, कॅल स्टेट स्टॅनिस्लॉसची. ते विद्यापीठ आज डिव्हिजन-२ मध्ये आहे. एनएआयएचं चार वेळा विजेतं ग्रँड कॅन्यन आज डिव्हिजन-१ मध्ये. टेक्ससमधलं यूटी टायलर २०१८ मध्ये डिव्हिजन-३ जिंकलं आणि लगोलग वर सरकलं. मिनेसोटाच्या सेंट थॉमसची कथा तर खेदाची आहे. २००१ आणि २००९ चं हे बेसबॉल विजेतं. त्याच्या एकूण खेळांतल्या वर्चस्वाला कंटाळून कॉन्फरन्समधल्या शेजाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याला बाहेर काढायचं ठरवलं. शतकाची सोबत संपली आणि २०२१ मध्ये ते डिव्हिजन-३ मधून थेट डिव्हिजन-१ मध्ये गेलं. अशा कॉलेजांचा हिशेब ते ज्या काळात ज्या डिव्हिजनमध्ये होते तिथंच ठेवला आहे. पुढचं यश मागच्या खात्यात ओढलेलं नाही.

२०२५ मध्ये लुइझियानातल्या एलएसयू श्रेव्हपोर्टनं एनएआयएत ५९ सामने खेळले आणि ५९ जिंकले. हंगाम, प्राथमिक फेरी, हॅरिस फील्डवरची वर्ल्ड सीरिज, सगळं. सव्हॅना स्टेटची ४६ ची मालिका मागे पडली. वर मांडलेल्या गणितानं असा हंगाम जवळपास अशक्य ठरतो, तरी तो घडला. हंगामाच्या तक्त्यात ही ओळ अर्थातच सर्वांत वर आहे. परंपरांच्या तक्त्यात मात्र श्रेव्हपोर्टला मी मॅरिएटाच्या आणि लुइस-क्लार्कच्या बराच खाली ठेवलं आहे, कारण तो तक्ता वीस वर्षांचा आहे आणि एका वर्षानं तो भरत नाही. यावर वाद होईल, आणि तो व्हावा. आधारासाठी लागणारे सगळे आकडे त्या प्रकरणात दिले आहेत.

शेवटी २०२० च्या ओळीविषयी. त्या मार्चमध्ये महामारीमुळे सगळ्या स्पर्धा थांबल्या आणि हंगामोत्तर रकान्यात सगळीकडे आडवी रेघ आहे. एनसीएएनं त्या मुलांना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं. पण डिव्हिजन-३ मधल्या चौथ्या वर्षाच्या मुलांपैकी अनेकांना मे महिन्यात पदवी मिळाली, कुणाची नोकरी ठरली होती, कुणाला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, आणि आणखी एका वर्षाची फी खेळासाठी भरणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. वाढवून मिळालेलं वर्ष त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. त्या संघांनी थांबण्यापूर्वी खेळलेले थोडेथोडके सामने काही तक्त्यांत गाळले जातात, हंगाम पूर्ण झाला नाही या कारणानं. या पुस्तकात ते ठेवले आहेत आणि एकूण बेरजेत धरले आहेत.